आमचा हिमपात

बर्फाशी नागपूरच्या माणसाचं नातं जिव्हाळ्याचं असलं तरी तोंडापुरतं आहे. आमच्या माहितीत बर्फ तीन प्रकारचा. पहिला गोळ्याचा. हा किसून काडीला थापतात, त्यावर कालाखट्टा ओततात आणि तो संपायच्या आत शर्टाच्या बाहीतून कोपरापर्यंत पोचतो. दुसरा लग्नाच्या मांडवामागचा. हा लाकडाच्या भुशात, पोत्यात गुंडाळून येतो आणि नवरीचे मामा त्याला हातोड्याने फोडतात. तिसरा फ्रीजमधला. हा पाहुणे नसताना ट्रेमधून सहज निघतो आणि पाहुणे आले की निघत नाही. आकाशातून पडणारा म्हणाल, तर आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये कधीमधी गारा पडतात. पण त्या नेमक्या संत्र्याच्या बागांवर पडतात, त्यामुळे त्यांचं कौतुक कुणी करत नाही. २०१८ च्या डिसेंबरात नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, तेव्हा आम्ही बँकेत मफलर गुंडाळून नोटा मोजल्या आणि पुढची दोन वर्षं तेच सांगत बसलो.

अशा माणसाने पायाला फळ्या बांधून बर्फावरून घसरायला जावं, हा विचार माझ्या डोक्यातून निघणं शक्यच नव्हतं. तो आमच्या हेड कॅशियरच्या डब्यातून निघाला. जेवणाच्या सुट्टीत पाटवडीचा घास हातात ठेवून ते म्हणाले, "भाऊ, एल.एफ.सी. लॅप्स होऊन राहिली आपली. औंदा स्वित्झर्लंडले जाऊ ना बाप्पा! आल्प्सवर स्कीइंग करू!"

बँकेत 'लॅप्स' या शब्दाला फार वजन आहे. माणूस लॅप्स झाला तर आम्ही दोन मिनिटं उभे राहतो. सवलत लॅप्स झाली तर आठ दिवस बसत नाही. लगेच एका यात्रा कंपनीची रंगीत पुस्तिका आली. तिच्यात लाल टोप्या घातलेली गोरी माणसं एका पांढऱ्या डोंगरावरून अशी उतरत होती, की जणू त्यांना खाली कुणी फराळाला बोलावलं आहे. शेवटच्या पानावर दर होते. ते पाहून लोन सेक्शनच्या भाऊंनी कॅल्क्युलेटर काढला आणि म्हणाले, "एका कुटुंबाचा आल्प्स म्हणजे आपल्या गृहकर्जाचे सव्वीस हप्ते." शिवाय एल.एफ.सी. वर परदेश चालत नाही, हे युनियनच्या माणसाने मागच्या टेबलावरून सांगितलं. तेव्हा आल्प्स पाटवडीबरोबर संपला आणि डब्याच्या तळाशी गुलमर्ग सापडलं. चार कुटुंबं, तेरा माणसं, फेब्रुवारी २०२४.

कागद वाचल्याशिवाय सही करण्याची सवय ग्राहकाला असते, बँकवाल्याला नसते. म्हणून मी निघण्यापूर्वी या प्रकाराचा इतिहास वाचून काढला. टोळी जमवून बर्फावर पडायला जायचं, हे मूळचं इंग्रजांचं. हेन्री लन नावाचा एक गृहस्थ मिशनरी म्हणून हिंदुस्थानात आला होता. तो परत गेला, त्याने यात्रा कंपनी काढली, आणि पुढे हिवाळ्यात इंग्रजांच्या टोळ्या आल्प्समध्ये न्यायला लागला. म्हणजे आमच्या हेड कॅशियरांचा पूर्वजच. त्याचा मुलगा अर्नोल्ड हा १८८८ साली चक्क मद्रासला जन्मला. आणि या मद्रासी गृहस्थाने १९२२ साली स्वित्झर्लंडमधल्या म्युरेन गावी झेंड्यांच्या मधून नागमोडी उतरण्याची शर्यत लावली, तीच आजची स्लालम. शेरलॉक होम्स लिहिणारे कॉनन डॉयल १८९४ साली दाव्होसहून डोंगर ओलांडून स्कीवरून अरोसाला गेले होते. आपल्या गुलमर्गलाही इंग्रजांनी १९२७ सालीच स्की क्लब काढला. हे सगळं मी सौ.ला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "यातलं कुणी बँकेत होतं का?"

तिकिटं निघाली आणि जानेवारीत पेपरात फोटो आला: गुलमर्ग कोरडं ठणठणीत! जिथे कमरेएवढा बर्फ हवा, तिथे तपकिरी गवत आणि त्यावर उभे असलेले उदास घोडे. त्या वर्षी पश्चिमेकडून येणारे झंझावात आलेच नव्हते. काश्मीरचा बर्फ भूमध्य समुद्राच्या बाजूने येणाऱ्या या वाऱ्यांवर अवलंबून असतो, हे तेव्हा आम्हाला कळलं. म्हणजे आल्प्सला जाणं जमलं नाही तरी आल्प्सच्या शेजारचा ओलावा आम्हाला मिळणार होता. पण तो मिळेना. हेड कॅशियर रोज सकाळी कॅश उघडण्यापूर्वी मोबाईलवर गुलमर्गचं हवामान बघत आणि कपाळाला हात लावत. "पैसे भरले आपण बर्फाचे, अन् गवत दाखवून राहिले थे!" शेवटी जानेवारीच्या अखेरीस बर्फ पडला. त्या दिवशी नागपुरातल्या एका बँकेच्या शाखेत काश्मिरातल्या हिमवर्षावाबद्दल संत्रा बर्फी वाटण्यात आली. ग्राहकांनाही दिली. ते जास्तच घाबरले.

प्रवासाचं सांगत नाही. तेरा माणसं, एकवीस डाग, आणि त्यांतले चार नुसते चिवडा, शंकरपाळे नि धपाट्यांचे, एवढं पुरे. दिल्लीपर्यंत रेल्वे, श्रीनगरपर्यंत विमान. टनमर्गला आमची गाडी थांबली, कारण तिथून वर चाकांना साखळ्या बांधलेली गाडीच जाते. तिथे भाड्याने गमबूट आणि घोट्यापर्यंतचे कोट मिळतात. ते चढवल्यावर आमच्या मंडळींत कोण कुणाची बायको हे आवाजावरूनच ओळखावं लागलं.

गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटरवर आहे. आमचं नागपूर जेमतेम ३१०. त्यातही आम्हाला सेमिनरी हिल्स चढून गेलं की हिमालय सर केल्यासारखं वाटतं. त्यामुळे गाडीतून उतरताच लोन सेक्शनचे भाऊ "हवा पातळ आहे" म्हणून खाली बसले, आणि ते बसले तो बर्फ होता हे कळताच ताडकन उठले. समोर टेकाडावर ते लाल छपराचं शिवमंदिर होतं. 'आप की कसम' मधल्या भांगेच्या गाण्यामुळे ते आम्हा सगळ्यांना घरच्या देवळाइतकं ओळखीचं. वहिनींनी तिथूनच हात जोडले. हेड कॅशियरांनी हात जोडून राजेश खन्नासारखी मान हलवली. ते देऊळ पुढे जून २०२४ मध्ये आगीत जळालं. ती बातमी वाचली तेव्हा वाटलं, आपण वर चढून जायला हवं होतं. पण त्या दिवशी चढ पाहून आम्ही सगळ्यांनी खालूनच नमस्कार केला होता.

दुसऱ्या दिवशी शिक्षण सुरू झालं. आमचा उस्ताद तेवीस-चोवीस वर्षांचा पोरगा होता. गाल सफरचंदासारखे, आणि चालताना बर्फावर त्याचा आवाज येत नसे. मी चालताना दोघांचा येई, एक बर्फाचा आणि एक माझा. स्कीचे बूट म्हणजे प्लॅस्टिकचं प्लॅस्टर. पाय मोडल्यावर जे घालायचं ते इथे आधीच घालतात, एवढी यांची दूरदृष्टी. ते बूट फळीच्या खटक्यात 'खट्' करून बसले की माणूस पाच-साडेपाच फूट लांब होतो, पण उंचीला नाही, पायाला. मराठीत एका पायातली स्की, मग दोन पायांतल्या काय? स्की, का स्क्या? यावर आम्ही उभ्याउभ्या चर्चा सुरू केली आणि चर्चा चालू असतानाच मी घसरून दहा फूट खाली गेलो. "स्क्या!" वरून कन्येने निकाल दिला.

पहिला धडा चालण्याचा नव्हे, पडण्याचा होता. समोर पडायचं नाही, मागे पडायचं नाही. बाजूला, कुल्ल्यावर, शांतपणे बसल्यासारखं पडायचं. मग दोन्ही स्क्या उताराला आडव्या करायच्या आणि उठायचं. आडव्या केल्या नाहीत तर उठता उठता त्या तुम्हाला घेऊन पुढल्या स्टेशनला जातात. वीस वर्षं मी ज्या धंद्यात आहे तिथे पडायला मुळीच परवानगी नाही. संध्याकाळी शंभर रुपये कमी भरले तर खिशातून घालावे लागतात, जास्त भरले तर त्याहून वाईट, कारण मग ते का जास्त आहेत हे लिहून द्यावं लागतं. आणि इथे हा पोरगा खुशाल सांगत होता, "गिरो सर, खुलके गिरो!" मी खुलके गिरलो. त्या एका सकाळी मी एकोणतीस वेळा पडलो. हा आकडा चिरंजीवांनी मोजला होता आणि तो दुपारी हॉटेलातल्या वेटरलाही सांगितला.

दुसरा धडा थांबण्याचा. दोन्ही स्क्यांची टोकं पुढे जवळ आणायची, मागे फाकवायच्या. "पिज्जा बनाओ!" उस्ताद ओरडायचा. पोरांना ते लगेच कळलं, कारण त्यांचा पिझ्झाशी परिचय दांडगा. वहिनींनी विचारलं, "म्हणजे समोशासारखं ना?" आणि झकास थांबल्या. आमचा पिझ्झा मात्र उतार सुरू झाला की उलटा व्हायचा. टोकं बाहेर, शेपट्या आत. त्यातून जे घडायचं त्याला खाद्यपदार्थाचं नाव नाही.

चढावर परत जायला तिथे एक दोरीचा पाळणा असतो. पाळणा म्हणजे नुसती दांडी. ती मांडीमागे घ्यायची आणि उभं राहायचं. ती तुम्हाला ओढत वर नेते. 'बसू नका' असं उस्तादाने चारदा सांगितलं. पण बँकेतल्या माणसाला मागून काही टेकलं की बसायची सवय. हेड कॅशियर बसले. दांडी पुढे गेली, हेड कॅशियर राहिले. त्यांच्यामागून मी आलो, तो त्यांच्यावर. माझ्यामागून लोन सेक्शन. अशी आमची अख्खी शाखा पाच मिनिटं उताराच्या मध्यावर एकत्र पडून होती. शेजारून महिनाअखेरच्या राष्ट्रीय हिवाळी स्पर्धांची तयारी करणारी पोरं झेंडे खोचत सुरकन जात होती. कुणी हसलं नाही. काश्मिरी माणूस फार सभ्य. एक स्लेजवाला तेवढा येऊन आदराने विचारून गेला, "साहब, नीचे तक स्लेज लगा दूँ?"

संध्याकाळी आम्ही पुरुष मंडळी कांगडीभोवती बसून कहवा पीत आपापल्या हाडांची बेरीज करत होतो. बायका मात्र उद्या कुठल्या उतारावर जायचं ते ठरवत होत्या. सौ.ने पहिल्याच दिवशी तो छोटा उतार सरळ, न पडता पार केला होता. मला आश्चर्य वाटलं, पण वाटायला नको होतं. ती वीस वर्षं बर्डीच्या गर्दीतून स्कूटर काढते आहे. समोरून ऑटो, डावीकडून गाय, उजवीकडून केळ्यांची गाडी. बर्फावर यांतलं काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उस्तादाने मला बाजूला घेतलं. "सर, आप पीछे क्यों झुकते हो?"

मी म्हटलं, खाली दरी दिसते म्हणून.

"सब यही करते हैं. डर लगा कि आदमी पीछे झुकता है. पीछे झुका, तो स्की हलकी हो गई, अपनी मर्जी से भागी. आप आगे झुको. जिधर डर है, उधर झुको. फिर स्की आपकी बात सुनेगी."

कॉमर्सच्या पदवीधराला हे पटणं कठीण. आमचं सगळं शास्त्र मागे झुकून लिहिलेलं आहे. तोटा दिसतो आहे तर आधीच तरतूद करा. नफा दिसला तर हातात येईपर्यंत बोलू नका. मी मान हलवली आणि तसाच, खुर्चीत रेलल्यासारखा, खाली गेलो. सोबत एक कुंपण घेऊन गेलो.

रात्री दोन रजयांखाली बराच वेळ शांतता होती. मग सौ. म्हणाली, "अहो, तो पोरगा बरोबर सांगत होता."

"काय?"

"तुम्ही मागेच झुकता. सर्क्युलर आलं की पण."

मी झोपलो असल्याचं सोंग केलं. थंडीत सोंगही नीट वठत नाही, दात वाजतात.

सर्क्युलर म्हणजे प्रमोशनचं. दरवर्षी येतं. क्लार्कने परीक्षा द्यायची, मुलाखत द्यायची, ऑफिसर व्हायचं आणि बदलीच्या गावी जायचं. पहिल्या वर्षी आमचं नुकतंच लग्न झालं होतं. दुसऱ्या वर्षी कन्या व्हायची होती. मग चिरंजीव. मग आईचे गुडघे. मग मुलीची शाळा चांगली लागली. मग आईचा दुसरा गुडघा. ही सगळी कारणं खरी होती, आणि म्हणूनच मला कधी खोटं बोलावं लागलं नाही. माझ्याबरोबर लागलेले दोघे आता मॅनेजर आहेत. ते शाखेत आले की मी उठून उभा राहतो आणि ते "अरे बस ना!" म्हणतात. मी बसतो. या बसण्यात मला काही वाटत नाही, असं मी सौ.ला सांगत आलो होतो. ती कधी काही बोलली नव्हती. तिने बोलायला २,६५० मीटरची उंची गाठावी लागली.

तिसऱ्या दिवशी उन्हात अफरवट शिखर चांदीच्या ताटासारखं चमकत होतं. गंडोल्याने वर जाणारे पट्टीचे लोक तिकडून ठिपक्यांसारखे उतरत होते. आमचा उतार फार तर चाळीस मीटरचा. आमच्या कॉलनीच्या पाण्याच्या टाकीपासून किराणा दुकानापर्यंत असेल तेवढा. मी वर उभा राहिलो. खाली सौ. होती, पोरं होती, हात हलवत होती. गुडघे वाकवले, नडगी बुटाच्या जिभेवर टेकवली आणि जिकडे भीती होती तिकडे झुकलो. आणि काय सांगू, त्या स्क्या खरंच ऐकायला लागल्या! डावीकडे म्हटलं, डावीकडे. पिझ्झा म्हटलं, पिझ्झा. कानाशी वारा, पायाखाली 'सुर्रर्र' असा आवाज. मी थांबलो तेव्हा उभा होतो. वीस सेकंद लागले असतील. पण बँकेत लागल्यापासून वीस सेकंद सलग मी कशाचाही हिशेब केला नव्हता, तो तेव्हा. मागून हेड कॅशियरांचा आवाज आला, "अरे भाऊ, तू तं जाऊन राहिला बे!" आणि ते स्वतः पडले.

परत आलो. आठ दिवस साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना तो उतार सांगितला. प्रत्येक वेळी तो थोडा थोडा लांब झाला. मार्चअखेर क्लोजिंगला तो दीड किलोमीटरचा होता. त्याच मार्चमध्ये बँकांचा बारावा द्विपक्षीय करार झाला आणि त्यात आम्हा कारकुनांचं नाव बदलून 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' झालं. म्हणजे परीक्षा न देता, पुढे न झुकता, बसल्या खुर्चीत मी बदललो. मी सौ.ला ही बातमी मोठ्या उत्साहाने सांगितली. ती म्हणाली, "अरे वा. पगार?" मग मे महिना आला. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंशांची नोंद झाली. यंत्र बिघडलं होतं असं हवामान खात्याने नंतर सांगितलं. आम्हा नागपूरकरांना त्या यंत्रात काही दोष दिसला नाही. त्या वर्षीचं सर्क्युलर मी कूलरच्या पाण्यात पडल्यासारखं दाखवलं.

पुढे एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला ते भयंकर घडलं. मारल्या गेलेल्यांत आपल्या महाराष्ट्रातलेही होते, सहलीला गेलेले, आपल्यासारखेच. आमच्या घरी त्या दिवशी कुणाला जेवण गेलं नाही. महिनाभराने सौ. म्हणाली, त्या पोराला फोन करा. उन्हाळ्यात तो वडिलांबरोबर घोडे चालवतो हे आम्हाला माहीत होतं. मी भीतभीत फोन लावला. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. त्याने मला बोलूच दिलं नाही. प्रवासी नाहीत, घोडे उभे आहेत, चारा महागलाय, यातलं त्याने आधी काही सांगितलं नाही. मी खोदून विचारल्यावर सांगितलं. आधी त्याने विचारलं, "सर, घुटने कैसे हैं आपके?"

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ खुर्चीत बसून राहिलो. मग माझ्या लक्षात आलं की मी मागे रेलून बसलो आहे.

त्या वर्षी सर्क्युलर आलं, तेव्हा मी फॉर्म भरला. भरताना हात थरथरत होता, तो वयामुळे असं मी शिपायाला सांगितलं. पोरं परीक्षेचा अभ्यास घ्यायला बसली. कन्येने मला बँकिंगचे नियम विचारले आणि माझी उत्तरं ऐकून बँकेतून आपले पैसे काढून घ्यायची भाषा केली. आई म्हणाली, "माझ्या गुडघ्यांचं काय घेऊन बसलास? ते मी आजवर सांभाळलेच ना?" मुलाखतीत साहेबांनी विचारलं, इतकी वर्षं का आला नाहीत? मी म्हटलं, साहेब, मागे झुकत होतो. त्यांना काही कळलं नाही, पण पास केलं.

आता बदली. बर्फ पाहून आलेल्या, कहवा प्यालेल्या, काश्मीरचं वेड लागलेल्या माणसाला बँकेने कुठे पाठवावं? चंद्रपूरला! उन्हाळ्यात जगातल्या तापलेल्या शहरांची यादी निघाली की आमच्या नागपूरच्याही वर जाऊन बसतं ते चंद्रपूर. दीडशे किलोमीटर. दर शनिवारी यायचं, सोमवारी पहाटे निघायचं.

निरोपसमारंभात हेड कॅशियरांनी हार घातला आणि कानात म्हणाले, "भाऊ, पुढे झुकून राहाजो बे." हार घालून घ्यायला मी झुकलेलोच होतो.

चंद्रपूरला खोली घेतली आहे, मोठा कूलर घेतला आहे. पहिल्या रात्री उस्तादाला निरोप पाठवला: घुटने ठीक हैं.